हात लावू नये

नातीच्या शाळेनं शनिवारी तिसरीच्या वर्गाला वस्तुसंग्रहालय दाखवलं. थेट प्रक्षेपण, घरबसल्या. वर गणवेशाचा शर्ट, खाली रात्रीची चड्डी, पुढ्यात पोहे आणि लॅपटॉपमध्ये ताई. ताई गुणी होत्या हो. पण निम्मा वेळ 'म्यूट करा रे बाळांनो'मध्ये गेला आणि उरलेला 'मी दिसतेय ना?'मध्ये. कुणाच्या तरी घरचा कुकर तीन शिट्ट्यांपर्यंत इतिहासात सामील होता. नातीनं न राहवून दगडी हत्तीच्या पाठीवर बोट टेकवलं, तर हत्ती गायब आणि माझं विजेचं बिल हजर. 'हात लावू नये' ही पाटी संग्रहालयांत आम्ही लहानपणापासून वाचतोय. अंमलबजावणी आत्ता झाली.

हत्ती घारापुरीचा. १८६४ साली साहेबाला तो विलायतेला न्यायचा होता. क्रेन मोडली, हत्ती फुटला, तुकडे राणीच्या बागेत येऊन पडले. १९१४मध्ये ते जोडले. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. साहेबाच्या क्रेनला झेपला नाही, तो आमच्या वाय-फायलाही झेपेना. अर्धा हत्ती दिसला की गोल फिरायला लागायचं.

गडचिरोलीच्या पोरांना असं दाखवा, मी टाळ्या वाजवीन. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं तर २०१५पासून बसमध्येच संग्रहालय मांडून ती शाळांच्या दारात नेली. पण गोरेगाव? दादरला गाडी बदलली की भायखळा. काळा घोडा त्याहून सोपा. २०१८पासून हार्बरची लोकल इथून सुटते ती थेट सीएसएमटीला.

शाळेत विचारलं. "आजोबा, एवढ्या मुलांची जबाबदारी कोण घेणार? बस मिळत नाही, पालक सही देत नाहीत." खरं असेल. फक्त डिसेंबरात वॉटर पार्कला तीन बस मिळाल्या होत्या आणि सह्या एका रात्रीत आल्या होत्या. पाण्यात बुडण्यापेक्षा इतिहासात बुडण्याची धास्ती जास्त असावी.

बरं, पाहिल्याचा पुरावा म्हणून पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा होता. सदतीस आयांनी टाकला. दोन फोटोंत मूल नव्हतंच, नुसते पोहे.

रविवारी नातीला घेऊन रिक्षानं जोगेश्वरीच्या गुंफेत गेलो. सहाव्या शतकातली, महादेवाची. वस्ती इतकी चिकटलेली की गुंफा शोधायला दोघांना विचारावं लागलं. पायऱ्या उतरलो तसा उकाडा वर राहिला. छतातून पाणी ठिबकत होतं. झिजलेल्या खांबाला नातीनं आधी एक बोट लावलं, माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही तळवे टेकवले. "आजोबा, ओलं आहे!" पंधराशे वर्षांपूर्वी हे कुणी खोदलं, कशानं खोदलं, दिवा कुठं ठेवत असतील, असे प्रश्न घरी येईपर्यंत संपेनात. अर्ध्यांची उत्तरं मला आली नाहीत.

हौसेनं तिचा खांबाजवळचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत बाईंचं उत्तर आलं: 'फारच छान कल्पना! पुढच्या शनिवारी सकाळी दहाला जोगेश्वरीची गुंफा. लिंक पाठवते. नेट चांगलं असेल त्या खोलीत बसा.'