फळी कोणती घेऊ?

मुलीचा फोन सकाळी सातच्या सुमारास येतो. कॅलगरीत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि चऱ्होलीत माझा दुसरा चहा. जेवलात का, गुडघा काय म्हणतो, गोळ्या घेता ना, एवढी प्रश्नपत्रिका सोडवून झाली की ती मुद्द्यावर येते. परवाचा मुद्दा होता, "पप्पा, स्की घ्यायच्यात. ८६ घेऊ की १०६?"

मला वाटलं, किंमत सांगतेय. म्हटलं, "दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही घे." पलीकडून जावयांचं हसू ऐकू आलं. आकडे मिलिमीटरचे होते. स्कीची कंबर, म्हणजे बूट जिथे अडकवतात तिथली रुंदी.

आता मिलिमीटरचं नाव काढल्यावर मला गप्प बसवत नाही. चाकणच्या पट्ट्यात २७ वर्षं क्वालिटीत काढली. निवृत्तीच्या वेळची शाल कुठे गेली ते आठवत नाही, पण बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर अजून देवघराखालच्या खणात आहे. म्हटलं, "२० मिलिमीटरचा फरक? अगं, एवढ्यात आमचा अख्खा लॉट परत आला असता." ती म्हणाली, "तेच विचारतेय. या २० मिलिमीटरनी काय होतं?" मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. ड्रॉइंग न बघता मत द्यायची आपली पद्धत नाही.

खरं तर बर्फाशी माझी ओळख दोनच ठिकाणची. एक गुलमर्गची. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, आणि आपण स्वतःसुद्धा भाड्यानेच आल्यासारखा काढलेला फोटो. दुसरी ओळख जत्रेतल्या गोळेवाल्याची, आणि स्कीचं शास्त्र मला उलगडलं ते त्याच्यामुळे. त्याच्याकडे बर्फाची दोन रूपं असतात. गोणपाटात गुंडाळलेली लादी आणि रंध्याखाली साठलेला कीस. किसात बोटं खुपसली तर आत जातात. लादीवर हात ठेवला तर हातच निघून जातो. स्की करणाऱ्यांचं सगळं भांडण या दोघांवरून आहे. कीस म्हणजे रात्री पडलेलं ताजं, कोरडं हिम. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती हवा. लादी म्हणजे यंत्रांनी दाबलेला, माणसांनी घासलेला, दुपारी पाघळून रात्री पुन्हा आवळलेला बर्फ.

किसावर तरंगावं लागतं. वजन जितकं पसरेल तितकं बरं, म्हणून तिथे १०० मिलिमीटरच्या वरची रुंद स्की. मावळात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात, तसाच प्रकार. लादीवर मात्र तरंगायचं काही नसतंच, तिथे चावावं लागतं. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी असते. स्की कलली की ती पट्टी बर्फात रुतते आणि वळण मिळतं. कंबर अरुंद असली की कड पायाखालीच असते, घोटा जरासा कलवला की काम होतं. कड जितकी पायापासून लांब, तितका बर्फाचा उलटा रेटा घोट्यावर आणि गुडघ्यावर जास्त. गुडघ्याचा विषय निघाल्यावर मला हे फारच पटलं.

कमानीचंही तसंच. लादीवरची स्की जमिनीवर नुसती ठेवली तर मध्ये जराशी उचललेली दिसते. ट्रकचा कमानपाटा पालथा घातल्यासारखी. माणूस वर उभा राहिला की कमान दबते आणि वजन कडेला टोकापर्यंत पोचतं. किसावरच्या स्कीची टोकं होडीसारखी वर वळलेली असतात, म्हणजे ती नाक खुपसत नाही. शेन मॅकॉन्की नावाच्या एका अवलिया स्कीपटूला पाण्यावरच्या स्कीवरून सुचलं, की किसासाठी कमान सरळ उलटीच करावी आणि स्की मध्ये रुंद, टोकांना निमुळती ठेवावी. २००२च्या सुमारास ती बाजारात आली. नाव ठेवलं 'स्पॅटुला'. म्हणजे आपलं उलथनं!

हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उलथन्याला व्हर्नियर लावला. ७९ भरलं. हिनं विचारलं, "आता काय त्याचा पण रिपोर्ट लिहिणार?" मी म्हटलं, "हे लादीवरचं आहे." ती म्हणाली, "मग? तव्याला चिकटलेलं धिरडं सोडवायला कडच लागते." जे समजायला मला दोन दिवस लागले, ते तिला धिरड्यापुरतं पहिल्यापासून ठाऊक होतं.

मराठीत बर्फाला शब्द कमी, अशी तक्रार मी ऐकली आहे. असतील, पण मातीला किती आहेत ते बघा. भुसभुशीत, ढेकळं, चिखल, राड, गाळ, पोयटा, मुरूम, कातळ. आणि वाफसा! जमीन ओली नाही, कोरडी नाही, औताला अगदी बरोबर. स्कीवाले त्या दिवसाच्या बर्फाचं तापमान बघून स्कीच्या तळाला मेण लावतात. वाफसा ओळखणाऱ्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

मातीवरून आठवली फळी. चऱ्होली महापालिकेत गेली १९९७ साली. त्याआधीची गोष्ट, इंद्रायणीकडेला आमचं रान होतं तेव्हाची. नांगरट झाली की ढेकळं फोडून रान सपाट करायला बैलांमागे आडवी फळी जुंपायची. काही ठिकाणी तिला मैंद म्हणतात. फळीला वजन हवं म्हणून वर पोरगं उभं करायचं. ते पोरगं मी. हातात दोरी, तळपायाखाली बाभळीचं गुळगुळीत लाकूड, पुढे दोन शेपट्या. मऊ रानात फळी अशी काही जायची की आपण मातीवर आहोत हेच विसरायला व्हायचं. बाजूनं मातीची लाट उठायची, ती नडगीला लागायची. मग एखादं पक्कं ढेकूळ यायचं आणि मी तोंडावर. माझे वडील, अण्णा, मागे वळूनही न बघता म्हणायचे, "गुडघं ढिलं सोड. आन् खाली नको बघूस, बैलाच्या पुढं बघ."

जावई स्नोबोर्डवाले. त्यांना हे सांगितलं तर ते खूश झाले, आणि त्यांनी मला स्नोबोर्डची जन्मकथा सांगितली. १९६५च्या नाताळात अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या एका इंजिनिअरनं आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली. पुढे तिच्या टोकाला धरायला दोरी आली. 'स्नर्फर' नावानं ती दुकानांत खपली, आणि तिच्यातूनच आजचा स्नोबोर्ड निघाला. मी मनात म्हटलं, उभं राहायला फळी आणि हातात दोरी, आमच्याकडेही तेवढंच होतं. पेटंट घ्यायचं तेवढं राहून गेलं.

दोन दिवसांनी मी निकाल दिला. "८६ घे." कारणंही दिली, क्रमवार. तुमचं रोजचं स्कीइंग कुठे? शहराच्या पश्चिमेच्या टेकडीवर, जिथे १९८८च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्की-उड्या झाल्या. तिथला बर्फ बराचसा यंत्रानं पाडलेला आणि यंत्रानंच दाबलेला. त्यात तुमच्याकडे रॉकीज पर्वतावरून तो चिनूक नावाचा गरम वारा उतरतो. दिवसा पाघळवतो, रात्री सगळं पुन्हा गोठतं. म्हणजे लादीच. कीस मिळणार बॅन्फकडच्या डोंगरात, तेही रात्री पडला आणि सकाळी तुम्हाला सुटी असली तर. वर्षातून असे दिवस किती? माणसानं ज्या जमिनीवर उभं राहायचं, तिच्यासाठी वस्तू घ्यावी.

दाखलेही दिले. आमच्या सोसायटीत एकानं चारी चाकं ओढणारी गाडी घेतली. डोंगर, नदी, वाळवंट, कुठेही जाते म्हणे. ती जाते चऱ्होली ते भोसरी, आणि बहुतेक वेळ तेवढीही जात नाही, उभीच असते. घाटात पळणारा बैल कोणी नांगराला जुंपत नाही, ते खरं, पण ज्याच्या दावणीला दोनच बैल, त्यानं शर्यतीचे घेऊन चालतं का? घरात एकच विळी असते. तिच्यावर कांदा, कोथिंबीर आणि नारळ, सगळं निभतं. ८६ म्हणजे विळी.

मधेच नातीनं फोन ओढून घेतला. मी घरी नव्हतो, सकाळचा फेरफटका मारत नदीपाशी आलो होतो. तिनं पडद्यावर मागचं पाणी बघितलं आणि ओरडली, "आजोबा, तुमच्याकडे पण स्नो?" इंद्रायणीवर त्या दिवशी फेस आला होता. पांढरा, जाड, भुसभुशीत, वाऱ्यानं कडेला लागलेला. वरच्या अंगाचं सांडपाणी आणि रसायनं नदीत आली की येतो तसा. मी कॅमेरा आकाशाकडे वळवला. लोहगावला उतरणारं एक विमान चाललं होतं. "ते बघ विमान," म्हटलं. या फेसावर रुंद चालेल की अरुंद, हे सांगणारं कोष्टक कुठे छापलेलं नाही.

मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे, पप्पा," म्हणाली. आणि आठवड्यानं १०६ घेतल्याचा फोटो पाठवला.

मी फोन केला. म्हणाली, "टेकडीवर भाड्यानं मिळतात की. रोजचं भाड्यानं भागतं. किसाचा दिवस उजाडतो तेव्हा मात्र दुकानापुढे ही रांग. त्या दिवसासाठी आपल्याच हव्यात." मी म्हटलं, "अगं, पण तो दिवस येतो किती वेळा?" ती जरा थांबली. "पप्पा, पार्किंगमध्ये खांबाला टेकवून ठेवलीय ती फळी कशासाठी आहे? ना बैल, ना रान. बिल्डरचा माणूस दोनदा न्यायला आला, तर तुम्ही त्याच्याशी भांडलात. मम्मीनं सांगितलंय मला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रान होतं तिथेच ते पार्किंग आहे. खाली काँक्रीट, कातळापेक्षा टणक. अशी लादी कॅलगरीतही नसेल.

संध्याकाळी व्हर्नियर घेऊन खाली गेलो. फळीची पुढची कड घासून घासून गोल झालीय, किंचित वर उचलल्यासारखी, त्या होडीच्या नाकासारखी. मधोमध दोन जागी लाकूड जास्त गुळगुळीत आहे, पोराच्या पावलांएवढं. म्हटलं, हिची कंबर किती ते एकदा मोजून मुलीला कळवावं. पण व्हर्नियर १५० मिलिमीटरपर्यंतच उघडतो. फळी त्यात मावेना.