पारदर्शक कव्हरवाला

बंगळूरच्या सर्जापूर रोडवरील मराठी संगणक अभियंत्यांपैकी पारदर्शक कव्हरवाला हा प्रकार वाचकांच्या चांगल्या परिचयाचा असल्याने त्याची वेगळी ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. महागड्या मोबाइलचा रंग जगाला दिसावा, पण मोबाइलला जगाचा ओरखडा लागू नये, अशी त्याची दुहेरी इच्छा असते. मात्र काही महिन्यांत कव्हर पिवळे पडते आणि हा गृहस्थ गुन्हेगाराच्या शोधास लागतो. गुन्हेगार दर वेळी हळदच निघते.

पहिला संशय घरच्या पोह्यांवर. पोहे बंद झाले की कँटीनमधील बिसी बेळे भातावर, म्हणजे डाळ-भाज्या घातलेल्या कर्नाटकी मसालेदार खिचडीवर. तीही सुटली की जेजुरीहून आलेल्या पाहुण्यांच्या भंडाऱ्यावर. इब्बलूरच्या चौकात वाहने खोळंबली असता हळदीच्या सर्वव्यापित्वावर तो जे व्याख्यान देतो, त्यातून गाडीतल्या सहकाऱ्याला सुटका नसते. "अरे, हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे तर पिवळंच राहिलं!" असे पत्नीने दाखवून दिले, तर "बंगळूरचं पाणीच वेगळं" हे उत्तर तयार असते.

वस्तुतः अशी मऊ कव्हरे बहुधा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे उष्णतेने वितळवून साच्यात घालता येणाऱ्या लवचीक प्लास्टिकची असतात. त्याचा स्वस्त प्रकार ॲरोमॅटिक डायआयसोसायनेटपासून, म्हणजे बेंझीनची वलये असलेल्या रसायनापासून बनतो. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांमुळे या वलयांपासून क्विनोनसदृश रचना तयार होतात, त्या निळा प्रकाश शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश डोळ्यांना पिवळा दिसतो. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, हातांचा घाम व तेलकटपणा तिला हातभार लावतात. नव्या मालात पुष्कळदा मिसळलेली किंचित निळी छटा पुढे अपुरी पडते. पिवळेपणा रेणूंतच असल्याने खाण्याचा सोडा किंवा टूथपेस्ट यांनी केवळ वरचा मळ निघतो.

याउलट हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य उन्हात टिकत नाही. आईने कपड्यांवरचे डाग याच उपायाने घालवलेले पाहिले असल्याने हा गृहस्थ कव्हर धुऊन बाल्कनीत उन्हात ठेवतो, आणि सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरचे ऊन ते अधिकच पिवळे करते. त्यावरून हळद फार खोल मुरली असल्याचे त्याच्या मते सिद्ध होते.

याच रस्त्यावर मुख्यालय असलेल्या विप्रोचा आरंभ १९४५ साली खानदेशातील अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्याने झाला. कंपनी तूप सोडून संगणकात गेली, पण तशाच गावांतून आलेल्या आणि कोटीच्या फ्लॅटचे हप्ते निमूट भरणाऱ्या या माणसाला शेदोनशे रुपयांचे कव्हर टाकवत नाही. ही काटकसर हास्यास्पदच. तथापि नवा मोबाइल घेतल्यावर जुना तो गावी वडिलांना देतो आणि त्यावर एकही ओरखडा नसतो, हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. तेव्हा त्याच्या घरचे पोहे पुन्हा सुरू व्हावेत, एवढ्यासाठी तरी वाचकांपैकी कोणी त्याला कडक पॉलिकार्बोनेटचे कव्हर भेट द्यावे; पिवळे तेही पडते, पण पुष्कळ सावकाश.