प्रिया माहेरी निघाली

साताऱ्याला एकच रात्र राहायचं म्हणून मामांनी स्वतःसाठी एक शर्ट घेतला. प्रियासाठी घेतलं ते असं : दोन प्लग, एक क्लचवायर, गिअरच्या दोन वायरी, पॉईंटचा सेट, कंडेन्सर, हेडचं पॅकिंग, पॉलिश पेपर, टू-टी ऑइलची बाटली आणि आजोबांच्या धोतराचं फडकं. मामींनी चकल्या घेतल्या.

प्रिया म्हणजे स्कूटर. हा खुलासा आवश्यक आहे. आठवडाभर मामा सोसायटीत भेटेल त्याला “रविवारी प्रियाला घेऊन साताऱ्याला चाललोय” असं सांगत होते आणि मामी दोन पावलं मागून “स्कूटर, स्कूटर” असं म्हणत येत होत्या.

साताराच का, तर ते तिचं माहेर. बजाजचा इटलीच्या पिआज्जोबरोबरचा, व्हेस्पा स्कूटर बनवण्याचा परवाना १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये चेतक आली आणि स्कूटरचा नंबर लागण्यासाठी वर्षानुवर्षं थांबण्याचा तो प्रसिद्ध काळ ऐन भरात होता. त्या काळात, १९७५ मध्ये, बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. मुलीचं नाव ठेवण्याआधी वडिलांनी स्कूटरला नंबर लावून ठेवल्याच्या गोष्टी ज्या घरांत सांगतात, त्यातलंच हे एक घर.

मामांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर तिला जिन्याखालून बाहेर काढलं. या जातीच्या स्कूटरला वेगळी चौकट नसते, वाकवून जोडलेला पत्रा हीच तिची चौकट. त्यामुळे पाय ठेवायच्या जागी गंज लागला की तो वरवरचा आजार राहत नाही, हाडापर्यंत गेलेला असतो. डेंटिंगवाल्याने तिथे नवा पत्रा जोडला. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळाले. जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी मामांनी जुन्या बाजाराच्या वाऱ्या केल्या, बुधवारी आणि रविवारी, न चुकता. तिथेच एका विक्रेत्याने त्यांना पुढचं हॉर्नचं कव्हर दिलं, “साहेब, एकदम ओरिजिनल, प्रियाचंच” असं म्हणून. मामांनी त्याला चार थर पॉलिश केलं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, तेही झालं. परिवहन कार्यालयात मामा गाडी पुसत पुसतच रांगेत पुढे सरकले.

एक गोष्ट मात्र राहत होती. मामांना मॅग्नेटवरचं आणि सिलिंडरवरचं काळं कव्हर दिसायला गबाळं वाटलं, म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं होतं. मामी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत आणि शाळेत याच प्रियावर जात. त्यांनी ते कव्हर माळ्यावरून खाली आणलं. “मॅग्नेटला पाती आहेत ती शोभेला नाहीत. ती वारा घालतात आणि हे कव्हर तो वारा सिलिंडरवर नेतं. हे नसेल तर कात्रजला पिस्टन सीज होईल.” मामांनी मुकाट्याने ते बसवलं आणि लगेच पॉलिश करायला घेतलं.

रविवारी पहाटे स्वारी निघाली. मामा आणि मामी प्रियावर, मागे भाचा इलेक्ट्रिक चेतकवर, हत्यारांच्या पिशवीसकट. चेतक हे नाव बजाजने २०२० मध्ये पुन्हा बाजारात आणलं, यावेळी किक नाही, गिअर नाही, धूर नाही. निघताना दोघांनी आपापल्या गाड्या सुरू केल्या. भाच्याने बटण दाबलं. मामांनी पेट्रोल कॉक उघडला, चोक ओढला, गाडी एका अंगावर कलंडवली, सरळ केली, पाच किका मारल्या, पुन्हा कलंडवली. कलंडवल्याने कार्बोरेटरमध्ये थोडं जास्त पेट्रोल उतरतं, एवढंच त्यात विज्ञान. बाकीचं सगळं श्रद्धा.

जुन्या कात्रज घाटात गाडी धापा टाकू लागली. मागे धुराचा असा पडदा झाला की भाचा त्यात दिसेनासा झाला. लिटरला वीस मिली ऑइल पुरे असताना मामांनी पन्नास घातलं होतं. “लांबचा प्रवास आहे, पोरीच्या पोटात चार थेंब तूप जास्त गेलं तर काय बिघडतं?” बिघडलं ते असं, की प्लग काळाकुट्ट होऊन बसला. मामींनी पदर खोचला, पान्याने प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, फुंकर मारली, परत लावला. साडेचार मिनिटं. भाच्याने मोबाइलवर मोजली.

मग बोगदा आला. या जुन्या गाड्यांमध्ये हेडलाईटला वीज बॅटरीतून नाही, थेट मॅग्नेटमधून मिळते. इंजिन जोरात फिरलं तर उजेड, मंदावलं तर समईची वात. बोगद्यात समोरून टेम्पो आला, मामांनी सावधपणे गाडी हळू केली आणि त्याच सावधपणामुळे त्यांना काही दिसेना. “रेस करा, रेस करा!” मामी मागून ओरडल्या. अंधारात वेग कमी करू नये, हा नियम जगात फक्त अशा गाड्यांनाच लागू असावा.

उतारावर दुसरी शिकवणी. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, म्हणून मूठ पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांब उतार उतरलं, तर इंजिन फिरत राहतं आणि त्याची घशाची कोरड काही जात नाही. अधूनमधून थोडा पीळ द्यायचा. त्यामुळे मामा शिंदेवाडीपर्यंत उतरले ते कुणी घाबरवल्यासारखे मधूनच भुर्रकन पुढे जात.

शिरवळला थांबावं लागलं ते भाच्यामुळे. त्याची चेतक पहिल्या मॉडेलची, तिची कंपनीने सांगितलेली रेंज ९५ किलोमीटर आणि पुणे-सातारा साधारण ११०. भाच्याने एका हॉटेलवाल्याला गाठून भिंतीवरचा प्लग मिळवला. मोबदला म्हणून दर अर्ध्या तासाने काहीतरी मागवायचं ठरलं. दोन मिसळी, भजी, चहा, पुन्हा चहा. प्रिया सावलीत उभी राहून थंड झाली. मामांना हा दिवस फार आवडला. हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते की आपण नव्या गाडीसाठी थांबलो आहोत.

खंबाटकीचा घाट प्रिया दुसऱ्या गिअरमध्ये, पण न थांबता चढली.

भुईंजच्या अलीकडे पुढचं चाक बसलं. इथे मामा खरे खुलले. व्हेस्पाचा जनक कोराडिनो दास्कानिओ हा विमानांचा इंजिनिअर. त्याने १९४६ मध्ये आलेल्या पहिल्या व्हेस्पाचं पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणून ते मोटारीच्या चाकासारखं चटकन काढता येतं. प्रिया त्याच वंशातली. रस्त्याकडेला चार माणसं जमली होती, त्यांनाही मामांनी हे सगळं सांगितलं आणि पाना लावला. पाना फिरला, नट फिरेना. पेंटरला मामांनीच बजावलं होतं, “नटसुद्धा बॉडीच्या रंगात पाहिजेत, दोन हात मारा.” त्या दोन हातांखाली नटाचे कोपरे गडप झाले होते. मामींनी स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडायला सुरुवात केली. मामांनी तोंड फिरवून कृष्णेच्या दिशेने पाहिलं. स्टेपनी लागायला पाऊण तास गेला, त्यातला चाक बदलण्याचा वेळ सहा मिनिटं.

आनेवाडी नाक्यावर दुचाकीला टोल नाही. तरी मामांनी थांबून विचारलं.

सातारा एमआयडीसीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. माहेर म्हणावं असं आता तिथे काही उरलेलं नाही. स्कूटरचं उत्पादन कधीच थांबलं, महामंडळाच्या हिश्शाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१९ मध्ये मिटला आणि कंपनी आता मुख्यतः शेअरमधली गुंतवणूक सांभाळते. मामांनी रस्त्यातच गाडी स्टँडवर लावली, कंदी पेढ्याचा पुडा उघडला आणि एक पेढा स्पीडोमीटरवर ठेवला.

समोरच्या टपरीवरून एक म्हातारे गृहस्थ उठून आले. कारखान्यात असेंब्लीला होतो, म्हणाले. त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. वाकून इंजिनाशी कान नेला, किक हाताने दाबून पाहिली, मॅग्नेटच्या कव्हरवर टिचकी मारली आणि समाधानाने मान हलवली. मग पुढे येऊन हॉर्नपाशी थबकले.

“हे कव्हर कुठलं हो?”

“ओरिजिनल आहे,” मामा म्हणाले.

“ओरिजिनल आहेच. पण चेतकचं आहे.”

भाचा आपल्या गाडीच्या आडोशाला जाऊन हसला. मामींनी पेढा उचलून त्या गृहस्थांना दिला. मामांनी खिशातून डायरी काढली आणि परत पोचल्यावर पहिला बुधवार कोणत्या तारखेला येतो ते पाहू लागले.