बोळेवाला

माळशेज घाट चढून वर आलं आणि पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी सोबतीला लागलं की थोड्याच वेळात मढ येतं. तिथल्या फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्यांत एक बोळेवाला हमखास असतो. वय अठरा ते पंचवीस, गळ्यात काळा नेकबँड, दोन्ही कानांत बोंडं आणि नजर कुठेतरी हरिश्चंद्रगडाच्या दिशेला. गाडी आली हे त्याला गाडीच्या आवाजानं कळत नाही, बाकीचे पळायला लागले की कळतं. मग तोही पळतो आणि नेमका सगळ्यांच्या आधी चढतो. खिडकीची जागाही त्यालाच मिळते, कारण ‘तिथं रुमाल टाकलाय’ हे ओरडणं त्याला ऐकूच आलेलं नसतं.

शेजारी अर्ध्या तिकिटावर ओतूरच्या दवाखान्यात निघालेली आजी येऊन बसते. बोळेवाला समोर बघत एकदम प्रेमानं विचारतो, “जेवलीस का?”

“न्हाई रं बाबा, सकाळपास्नं च्यावरच हाये.”

“मग कधी येणार?”

“डागदर सोडंल तवा.”

“बरं, फोटो पाठव.”

इथे आजी गांगरते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता सांगतो, “आजी, तो तुमच्याशी नाय बोलत.” आजी आख्ख्या बाकावर नजर फिरवते आणि म्हणते, “मंग कुनाशी? हितं तर मीच हाये की!”

बोळेवाल्याला शिष्टाचार नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्याकडे शिष्टाचाराची बारीक श्रेणी आहे. समोरच्याचा मान किती, हे किती बोळे निघाले यावरून ठरतं. मित्र असेल तर एकही निघत नाही, भुवई उडवली की भागतं. वडलांसाठी एक, तोही अर्धा. कांद्याचा व्यापारी भाव सांगत असेल तर दोन्ही. आणि मुलगी बघायला जायचं असेल त्या दिवशी नेकबँडच घरी खुंटीला.

कानात बोळे आणि समोर माणूस, हा पेच काही त्यानं निर्माण केलेला नाही. सोनी कंपनीनं १९७९ च्या जुलैत पहिला वॉकमन बाजारात आणला, तेव्हा कंपनीच्या अकियो मोरिता यांनाच धास्ती होती की एकट्यानं कान झाकून गाणी ऐकणं हा उद्धटपणा ठरेल. घरात त्यांनी यंत्र वापरून पाहिलं तर बायको वैतागली, कारण नवरा समोर असून नसल्यासारखा. म्हणून पहिल्या मॉडेलला हेडफोनच्या दोन खोबणी ठेवल्या आणि एक नारिंगी बटण दिलं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पुढे लोकांना हे यंत्र एकट्यासाठीच हवंय असं दिसलं आणि ती सोय गेली. मोरितांची इच्छा आमच्याकडे मात्र अजून पुरी होते. डिंगोरे ते मढ एका मोटारसायकलवर दोघं आणि एकाच जोडीतलं एकेक बोंड दोघांच्या कानात, हे दृश्य रोजचं आहे. कानातल्या मळाचा विचार मैत्रीत करायचा नसतो. मागून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकचा करायला मात्र हरकत नाही.

बसमध्ये या गृहस्थाचं दुसरं रूप दिसतं. उदापूरच्या आसपास नेकबँडची चार्जिंग संपते, बोळे गळ्यात लोंबू लागतात आणि फोन मोकळ्या आवाजात बोलू लागतो. पंधरा सेकंदांचं एक रील, तेच पुन्हा, मग तेच पुन्हा. आजीचा दवाखाना, मागच्या बाकावरची जमिनीची वाटणी, पुढच्या पोरीचा तोंडी परीक्षेचा अभ्यास, सगळ्यावर ते रील फिरतं. मुंबईत बेस्टनं एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोठ्या आवाजात काही ऐकायला मनाई केली. रात्री दहानंतर मोठ्यानं गाणी लावू नयेत असं रेल्वेही सांगते. म्हणजे शहरात ‘कानात घाला’ हा शिष्टाचार. एसटी महामंडळानं नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी चालवताना मोबाईल आणि हेडफोन वापरायला बंदी घातली, ती चालकांना. म्हणजे तिथे ‘कानातून काढा’. बोळेवाल्याला दोन्ही बातम्या ठाऊक आहेत, फक्त कुठली कुणाला लागू हे तो सोयीनं ठरवतो.

एक प्रसंग असा की तिथे जुनी खोडंसुद्धा त्याच्याकडे असूयेनं बघतात. दशक्रिया विधी. काकस्पर्शाची वेळ टळून जाते, ऊन चढतं आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणं काही आटोपत नाहीत. मयताशी आपला किती घरोबा होता हे पाचवा वक्ता सांगू लागतो, तेव्हा उपरण्याआड बोळे घातलेला एकटाच माणूस मांडवात शांत बसलेला असतो. इथे त्याला दोष देणं लेखकाला जमत नाही.

एरवी हा जुन्नर तालुका आवाजाचाच. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग यांचं गाव. सप्ताहाचा कर्णा गावच्या वेशीबाहेर पोचला नाही तर वर्गणी वाया गेली असं समजतात. याच तालुक्यात खोडदला मात्र गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपणाऱ्या. या भागात रेडिओ गोंगाट कमी होता, हे जागा निवडण्याचं एक कारण. पुढे मोबाईल आले आणि तोही गोंगाट वाढला. तालुक्यात मन लावून ऐकणारं काही असेल तर ते खोडदला, आणि त्यालाही त्रास फोनचाच.

खरी गंमत रात्री आहे, आणि तिला गंमत म्हणताना जीभ अडखळते. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्यानं संसार थाटला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत माणसं दगावली आहेत. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारण केंद्रात ठेवतात. २०२५ च्या अखेरीस शिरूरकडच्या पिंपरखेडला लोक गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले होते. वनखात्याचं सांगणं साधं आहे: अंधारात एकटं जाऊ नका, बॅटरी आणि काठी घ्या, आपसात बोलत चला, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा. सरकारी खातं ‘आवाज वाढवा’ म्हणून विनवतंय, असा भाग्ययोग तरुण पिढीला क्वचितच येतो.

आणि शेतीची वीज रात्रपाळीची आली की मोटार चालू करायला बोळेवाला बांधावरून निघतो तो दोन्ही कान गच्च बंद करून. खसफस झाली तरी पत्ता नाही, हाक मारली तरी पत्ता नाही. बसमध्ये जे ऐकायला कुणी मागितलं नव्हतं ते त्यानं सगळ्यांना ऐकवलं. इथे बिबट्याला ऐकवायचं, तर ते एकट्यानं ऐकतो. त्याच्या गळ्यात पट्टा आहे, पण खिळ्यांचा नाही, ब्लूटूथचा.

वडलांनी शेवटी तह केला. नेकबँड घरात राहील, फोन मोठ्यानं वाजेल, तरच रात्री शेतावर. पोरगं तयार झालं. आता मध्यरात्री पाणी भरताना तेच पंधरा सेकंदांचं रील चार वावरं ओलांडून ऐकू येतं. बिबट्या काय करतो माहीत नाही, पण शेजारच्या वावरात दारं धरणारा म्हातारा अंधारातून ओरडतो, “आरं ए, गानं तरी बदल की!”