परसदारची भिंत उंच करताना: नवशिक्यांसाठी

माळेगाव बुद्रुकात परसदाराला आडोसा फुकट मिळतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर मागचा ऊस डोक्याच्या वर गेला, की तुमच्याकडे कोण न्हातंय, कोण भांडतंय, कुणाला दिसत नाही. आडसाली लागण असेल तर वर्षभर चिंता नाही. मग कारखान्याची तोड येते, टोळी रान मोकळं करते आणि शेजारच्या ओट्यावरून तुमच्या न्हाणीचं दार थेट दिसू लागतं. भिंत उंच करायची इच्छा माणसाला याच दिवसांत होते.

नवशिक्याने आधी कार्यालयात नव्हे, शेजारी जावं. तिथे 'तुमच्याकडून आमचं सगळं दिसतं' असं चुकूनही म्हणू नये. 'कुत्री फार येतात' म्हणावं. कुत्र्यांबाबत सगळ्या गावाचं एकमत असतं.

"नाना, भिंत जरा वर घ्यावी म्हणतो."

नाना चहा बशीत ओततील, दोनदा फुंकतील, रस्त्याकडे बघतील. मग म्हणतील, "घे की. तुझ्या जागेत घे."

ही परवानगी नव्हे. मोजणी आणायला सांगितलंय.

त्यासाठी बारामतीला भूमी अभिलेखमध्ये हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, सोबत सातबारा जोडावा, फी भरावी. लगतच्या खातेदारांना रीतसर नोटीस जाते. म्हणजे ज्या नानांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही कुत्र्यांवर घेतलंत, त्यांच्या हातात आता सरकारी कागद. मोजणीत फूटभर जागा तुमची निघाली तर नाना बोलायचे बंद होतील. नानांची निघाली तर तुमच्या घरातले.

आता नियम. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटर उंच घेता येते. २.४ मीटरपर्यंतही जाता येतं, पण वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा हवा. थोडक्यात, पाच फुटांपर्यंत आडोसा आणि नेमकं डोळ्यांसमोर आरपार. नाना उभे राहिले की सगळं दिसणार, बसले तर नाही. तेव्हा त्यांना खुर्ची भेट द्यावी. कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकाकडची भरीव भिंत ०.७५ मीटरच. ते मात्र योग्यच आहे, वळणावर उसाची ट्रॉली वेळेत दिसलेली बरी.

वकिलाकडे गेलात तर तो १८८२ चा सुविधाधिकार कायदा काढेल. एखाद्या गावात शेजाऱ्याच्या घरात डोकावणारी नवी खिडकी पाडायची नाही अशी रूढी असेल, तर तशा खिडकीला हरकत घेता येते, असं त्यात आहे. पण रूढी सिद्ध करायला गावातला जुना, जाणता साक्षीदार लागतो. आपल्या आळीत तसे नानाच.

एवढं करून अर्ज द्यायचाच असेल तर मोजणीचा नकाशा जोडून नगरपंचायतीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आमचं मत विचाराल तर शेवरी लावा. पावसाच्या तोंडावर बी टाकलं की वर्षाच्या आत डोक्याच्या वर जाते आणि पाला नानांच्या शेळ्यांना होतो. फक्त हद्दीपासून हातभर आत लावा.