खुर्चीवरचा कोट

ग्वाल्हेरच्या इंदरगंजातील ज्या शिंप्याने गतवर्षी माझी विजार घोट्याच्या वर चार बोटे आखूड शिवली, त्याच्याशी मी दहा महिने अबोला धरला होता आणि शिलाईचे निम्मे पैसेही अडकवून ठेवले होते. कापड ऐरेगैरे नव्हते. पतौडीचे नवाब आणि शर्मिला टागोर यांनी ज्याच्या जाहिरातीत जोडीने दर्शन दिले, ते ग्वाल्हेर सूटिंग ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात तीन तपे काढून माझ्या पंचाहत्तरीसाठी बाहेर निघाले होते. त्याची अशी विटंबना झाली.

परंतु दिवाळीस माझा भाचा आला. तो पुण्यास वेषरचनेचे शास्त्र शिकतो. माझ्या उघड्या घोट्यांकडे पाहून तो सद्गदित झाला व म्हणाला, "मामा, हे तर साक्षात थॉम ब्राउन!" हे गृहस्थ न्यूयॉर्कचे, 2001 साली पाच सूटांच्या भांडवलावर त्यांनी दुकान मांडले, आणि आखूड बाह्या व आखूड विजार या दोनच दोषांची अशी कीर्ती झाली की 2018 साली इटलीच्या झेन्या कंपनीने त्यांच्या पेढीचा 85 टक्के हिस्सा घेतला. माझ्या शिंप्यास मात्र तेव्हाही निम्मी शिलाई येणे होती.

जानेवारी 2009 मध्ये फ्लॉरेन्स शहरी त्यांनी आपला संग्रह सादर केला तो म्हणे 'इमर्सिव्ह' पद्धतीने. (मला प्रथम हा गणपतीविसर्जनाचा काही प्रकार वाटला; अर्थ एवढाच की पाहणाऱ्यास प्रयोगात ओढून घ्यावयाचे.) एका दालनात ओळीने मेजे, प्रत्येकावर टंकलेखनयंत्र, एकाच करड्या पोशाखातील चाळीस पुरुष आले, बसले, घंटेच्या इशाऱ्यावर खडखड टंकू लागले, आणि दूरदूरच्या देशांतून आलेले रसिक श्वास रोखून ते पाहत राहिले.

भाच्याने ही चित्रफीत दाखविली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, पण ते निराळ्या कारणाने. ज्या सरकारी कचेरीत मी चौतीस वर्षे कारकुनी केली, तिथे हा प्रयोग रोज साडेदहा ते पाच, रविवार वगळून, विनामूल्य होत असे. रसिक तर असे की दाखल्याच्या नकलेसाठी आठ-आठ दिवस दालनाबाहेरचा बाक सोडीत नसत. शिवाय आमची कला फ्लॉरेन्सच्या एक पायरी पुढे गेली होती. आमचे एक शिरस्तेदार सकाळी येऊन हजेरीपटावर सही करीत, कोट खुर्चीच्या पाठीस अडकवीत, चष्म्याचे रिकामे घर उघड्या फायलीवर ठेवीत आणि महाराज बाड्याच्या चौकाकडे प्रयाण करीत. मग दिवसभर तो कोट कामकाज पाही. कोपरांशी झिजून चकाकणारा, डाव्या खिशाशी शाईचा जांभळा डाग असलेला तो कोट पाहून लोक अदबीने "साहेब आत्ताच उठलेत वाटतं" म्हणत व पुन्हा बाकावर बसत. पुरुषाशिवाय पुरुषवेष सादर करण्याची ही हिंमत ब्राउनसाहेबांस झाली नाही. त्यांना चाळीस माणसे लागली.

खरे म्हणजे पुरुषांनी हुकुमाबरहुकूम पोशाख करून एका दालनात बसावे व इतरांनी ते पाहावे, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात जुनीच. जयाजीराव शिंदे महाराजांनी 1874 साली जयविलास राजवाडा उभारला, तेव्हा साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगण्यापूर्वी छताचा दम अजमावण्यासाठी वर हत्ती चढविले म्हणून सांगतात. त्या झुंबरांखाली शिंदेशाही पगडी घालून ताटकळणाऱ्या मानकऱ्यांस कोणी मॉडेल म्हटले नाही, इतकेच. माधवराव महाराजांच्या वेळी तर मेजवानीच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरे आणि पाहुण्यांपुढे ब्रँडी व सिगार आणून उभी राही. पाहणाऱ्यास प्रयोगात ओढून घेण्याचा याहून सुखद मार्ग फ्लॉरेन्सला सुचलेला दिसत नाही. आता ती पगडी आमच्या मुलांच्या लग्नात भाड्याने येते व मंगलाष्टके संपेपर्यंत वराच्या कानांवर उतरते.

एवढे ज्ञान झाल्यावर अबोला धरणे मला अरसिकपणाचे वाटले. मी शिंप्याकडे जाऊन त्यास ब्राउनसाहेबांची सर्व हकीकत सांगितली आणि, मनाचा मोठेपणा म्हणून, उरलेली निम्मी शिलाई पुढे केली. त्याने नोटा मोजल्या, टेप गळ्यात अडकवला, माझ्या घोट्यांकडे एकवार जाणकारपणे पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो पुराना रेट है."