कंबर दुखते, नोंद भलतीच

केस पेपरवर निदानासाठी एकच ओळ असते, ही माझी पहिली तक्रार. सदलग्याच्या ऊसपट्ट्यातली एखादी मावशी दवाखान्यात सांगते, "डॉक्टर, कंबरंत ठणकतंय, डाव्या पायात मुंग्या येत्यात, वाकलं की कळ पोटरीपतूर जाती." कागदावर उतरतं, 'अंगदुखी'. मुंग्या आणि पोटरीपर्यंत जाणारी कळ यांवरूनच नस दाबल्याचा संशय घ्यायचा असतो. नेमकं तेच गळतं.

यापुढची तक्रार कोडची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आयसीडी-१० यादीत कंबरदुखीला एम५४.५, पायात कळ उतरणाऱ्या सायटिकाला एम५४.३ आणि दोन्ही एकत्र असतील तर एम५४.४ असा कोड आहे. दुसरीकडे कुठेच न बसणाऱ्या दुखण्यासाठी आर५२ आहे. बाहेर रांग लागलेली असताना सर्वांत ढोबळ कोड लावून मोकळं होणं सोपं पडतं. मग तीच मावशी सदलग्यात अंगदुखीची, चिकोडीत कंबरदुखीची आणि मिरजेत एमआरआय झाल्यावर मणक्याच्या गादीची रुग्ण ठरते. दोन कागद कर्नाटकातले, एक महाराष्ट्रातला. पिशवीत ते एकत्र असतात, सरकारी बेरजेत मात्र तीन वेगवेगळ्या बायका होतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर सुरू झालं, रुग्णाची ओळख पटवणारा १४ आकडी आभा क्रमांकही आला. पण तो प्रत्येक कागदाला जोडला जाईपर्यंत ही बेरीज चुकतच राहणार.

दुखणं कधीपासून आहे, हेही लिहिलं जात नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला एमजी३० हे स्वतंत्र स्थान मिळालं. दुखण्याची तीव्रता नोंदवायचीही सोय झाली. मोठी मागणी होती ती. पण 'कधीपासून?' हा प्रश्नच कागदावर नसेल, तर नवा कोड लावणार कशाच्या आधारावर?

कामाची नोंद न होणं मला सर्वांत जास्त खुपतं. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसतात. ऊसतोड मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. एकीची मान धरते, दुसऱ्याचा मणका झिजतो. व्यवसायाच्या रकान्यात 'घरकाम' किंवा 'मजुरी' लिहिलं की दोघांच्या दुखण्याचं कारण पुसलं जातं.

आणि जी दवाखान्यात येतच नाही तिचं काय? मजुरी बुडेल म्हणून ती मेडिकलमधून गोळी घेते आणि कामावर जाते. तिला कोड नाही, म्हणून कोडवरून होणाऱ्या अभ्यासाच्या लेखी तिला दुखणंही नाही.

कोडवरून अभ्यास करू नये, असं मी म्हणत नाही. लाखो नोंदी एकदम चाळायला दुसरी सोय नाही. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाला अपंगत्व घेऊन जगायला लावणाऱ्या कारणांत ती पहिली आहे. अशा अंदाजांत आपल्या भागाचं खरं चित्र यायचं असेल, तर संशोधकांनी कोड मूळ केस पेपरशी ताडून पाहिला पाहिजे आणि केस पेपरवर ताडण्यासारखं काहीतरी असलं पाहिजे.

म्हणून मागणी चारच गोष्टींची आहे. कधीपासून दुखतं, कुठून कुठे जातं, काम कोणतं आणि शून्य ते दहामध्ये किती दुखतं, एवढं कागदावर लिहा. कोड त्यानंतर लावा. फिजिओथेरपिस्ट कुठे नेमायचा, विडी कामगारांसाठी काय करायचं, हे ठरवायला हाच मजकूर लागतो. 'अंगदुखी'च्या बेरजेतून फक्त गोळ्यांची मागणी निघते.